तो म्हणतो कियान, मी म्हणते माधव

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आमचा मुलगा पाच आठवड्यांचा झाला. तब्येत छान आहे, रात्री जागवतो तेवढंच. पण अजून त्याचं नाव ठरलेलं नाही आणि त्यावरून आमच्यात रोज खटके उडतायत. मला जुनी, भारदस्त नावं आवडतात. माधव, केशव, गोविंद. त्यातलं माधव तर लग्नाआधीपासून माझ्या मनात आहे. नवऱ्याला ही सगळी म्हाताऱ्यांची नावं वाटतात. त्याला कियान, विहान, रेयांश असं काहीतरी हवंय. मला ती नावं एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. माझ्या वर्गात माझ्याच नावाच्या चार मुली होत्या. दहावीपर्यंत सगळे मला आडनावानेच हाक मारायचे, त्यामुळे गर्दीतलं नाव मला नकोच आहे. नवऱ्याचं स्वतःचं नाव त्याच्या आजोबांचं, जोडाक्षरांचं. शाळेत त्यावरून खूप चिडवायचे, असं तो एकदा बोलता बोलता म्हणाला होता. आता ऑफिसात परदेशातले लोक त्याचं नाव अर्धंच घेतात. पण तो विषय वेगळा.

गेल्या आठवड्यापासून तो बाळाला सरळ कियान म्हणून हाक मारायला लागलाय. मग मीही हट्टाने माधव म्हणते. सासूबाई म्हणतात, दोन्ही ठेवा, एक कागदावर आणि एक घरात. बहीण म्हणते, तुमच्या दोघांच्या नावांतली अक्षरं घेऊन नवीन नाव बनवा. मैत्रीण म्हणते, नऊ महिने पोटात तू वाढवलंस, हक्क तुझाच. आणि जन्मदाखल्यावर नाव घालायचं राहिलंय, त्याचं टेन्शन वेगळंच. काय करू?

– माधवची (की कियानची?) आई

ताईंचं उत्तर

बाळाच्या आईला आणि बाबांना, दोघांनाही मनापासून शुभेच्छा.

एक गोष्ट आजपासून थांबवा, दोघांनीही. बाळाला कियान म्हणू नका आणि माधवही म्हणू नका. सोन्या म्हणा, राजा म्हणा, पिल्लू म्हणा, पण दोघांनी एकच काहीतरी म्हणा. दोन नावांमुळे बाळाचा गोंधळ होईल अशी भीती मला अजिबात नाही. आपलं नाव इतर नावांपासून वेगळं ओळखण्याइतकं बाळ अजून मोठं झालेलं नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी साडेचार महिन्यांच्या बाळांना त्यांची स्वतःची नावं आणि इतर नावं ऐकवून पाहिली होती. त्या वयाची बाळं आपल्या नावाकडे जास्त वेळ लक्ष देत होती. तुमचं बाळ तिथवर पोचायला अवकाश आहे. आत्ता त्याला तुमचा आवाज ओळखीचा आहे, कुशीतली ऊब ओळखीची आहे, आणि तेवढ्यावर त्याचं उत्तम चाललंय.

काळजी आहे ती तुमच्या दोघांची. तुम्ही स्वतःच 'हट्टाने' असा शब्द लिहिलाय. म्हणजे हाक बाळाला मारली जाते आणि ऐकवली जाते नवऱ्याला. तोही तेच करतोय. असं आणखी महिनाभर चाललं, तर माधव हे नाव त्याला नुसतं जुनं वाटणार नाही, ते कानावर पडलं की त्याला भांडण आठवेल. तुम्हाला कियानचं तसंच होईल. मग यातलं कुठलंही नाव ठेवलं तरी एकाच्या तोंडून ते कायम जडपणे निघेल, आणि आई किंवा बाबा आपलं नाव घेताना जरासे अडखळतात हे मुलाला न सांगता कळेल.

तात्पुरतं लाडाचं नावसुद्धा जरा विचार करून निवडा, कारण घरातली हाक कधी कधी कागदावरच्या नावाला भारी पडते. लोकमान्य टिळकांचं ठेवलेलं नाव केशव होतं. घरात त्यांना बाळ म्हणायचे, आणि पुढे सगळा देश त्यांना बाळ गंगाधर टिळक म्हणूनच ओळखू लागला.

आता जन्मदाखल्याचं. त्याचं टेन्शन घेऊ नका. जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ते काम रुग्णालयाचं. त्या वेळी नावाची जागा रिकामी राहिली तरी चालते. नाव १२ महिन्यांपर्यंत कुठलंही शुल्क न भरता घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. (परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तिथला नियम आधीच बघून ठेवावा. आइसलंडमध्ये आईबाबांना सहा महिने मिळतात, फ्रान्समध्ये मात्र साधारणपणे पाच दिवसांत सगळं उरकावं लागतं.) तुम्ही वर्षभर घोळ घाला असं मी म्हणत नाही. पण उद्या संध्याकाळपर्यंत ठरलंच पाहिजे अशी सक्ती तुमच्यावर कोणीही केलेली नाही, हे दोघांना कळलं की आवाज थोडा खाली येईल. एक महिना घ्या.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले, जिथे तुम्ही 'पण तो विषय वेगळा' असं लिहून पुढे गेलात. माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे.

विचार करा. वर्गात हजेरी चाललीय. बाई एकेक नाव घेत पुढे येतायत आणि एका मुलाला माहीत आहे की आता आपलं नाव येणार, मागच्या बाकावरून कोणीतरी त्या जोडाक्षराची मोडतोड करणार, आणि वर्ग हसणार. हे वर्षानुवर्षं. मग तो मोठा होतो, नोकरीला लागतो, आणि तिथे लोकांना नाव उच्चारता येत नाही म्हणून अर्ध्या नावावर समाधान मानतो. अशा माणसासमोर तुम्ही माधव म्हणता तेव्हा त्याला माधव ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येतं, आजोबांच्या पिढीचं नाव पुन्हा एका लहान मुलाच्या गळ्यात बांधलं जातंय. माधवमध्ये जोडाक्षर नाही, उच्चारायला ते सोपं आहे, हे सगळं खरं आहे आणि तरीही त्याचा इथे उपयोग नाही. 'म्हाताऱ्यांची नावं' असं तो म्हणतो, कारण 'मला फार चिडवायचे, माझ्या मुलाला कोणी चिडवलेलं मला सोसणार नाही' हे वाक्य मोठ्या माणसाला बायकोसमोरसुद्धा पटकन बोलता येत नाही. तो एकदाच बोलला, तेही बोलता बोलता.

आणि तुमचं काय? चार जणींपैकी एक. शिक्षकांनी नाव घेतलं की चौघींनी मान वर करायची आणि मग कळायचं की बोलावणं दुसरीला आहे. दहावीपर्यंत आडनावावर काढलीत. त्यामुळे कियान, विहान, रेयांश ही नावं तुम्हाला एकेकटी ऐकूच येत नाहीत, त्यांची रांग ऐकू येते. नवऱ्याला कदाचित माहीतही नसेल की हे तुम्हाला इतकं लागलेलं आहे. त्याला वाटत असेल, बायकोला जुन्याचा सोस आहे.

तुम्ही दोघंही आपल्या मुलाला आपापल्या वर्गातून सोडवायला निघाला आहात. त्याला चेष्टेपासून वाचवायचंय, तुम्हाला गर्दीपासून. दोघांचंही प्रेमच आहे त्यात. फक्त ते अजून एकमेकांना सांगितलेलं नाही, त्याऐवजी नावांच्या याद्या एकमेकांवर फेकल्या जातायत.

म्हणून नावांबद्दल एक अक्षर न काढता एकदा बोला. रात्री दोन वाजता दूध पाजताना नको, तेव्हा दोघंही अर्धवट झोपेत आणि वैतागलेले असता. बाळ दुपारी झोपलं असेल, घरात शांतता असेल, तेव्हा त्याला विचारा, 'शाळेत तुला नक्की काय म्हणून चिडवायचे रे?' आणि ऐका. मधेच 'पण माधवला कोण चिडवणार आहे' असं म्हणू नका, ते वाक्य कितीही जिभेवर आलं तरी. त्याने काही सांगितलं तर तेवढंच राहू द्या. मग तुमच्या चार जणींची गोष्ट सांगा, हसण्यावारी न नेता, जशी लागली तशी.

त्यानंतर प्रत्येकाने एका कागदावर नाव कसं असावं ते लिहायचं. नाव लिहायचं नाही. मला वाटतं त्याच्या कागदावर साधारण असं येईल: जोडाक्षर नको, छोटं हवं, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला कळावं, परक्या भाषेतल्या माणसालाही घेता यावं, वर्गात ते दुसऱ्याच काळातलं वाटू नये. तुमच्या कागदावर येईल: मुळं असलेला शब्द हवा, घडवलेला नको, वर्गात त्याच नावाची तीन-चार मुलं नकोत, पन्नाशीच्या माणसालाही शोभावं. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवा आणि बघा किती कमी ठिकाणी ते एकमेकांना छेद देतात. छोटं आणि जुन्या मुळाचं, हे एकत्र जमतं. उच्चाराला सोपं आणि तरी गर्दीतलं नसलेलं, हेही जमतं. खरा मतभेद एकाच जागी उरतो, कानाला नवं वाटावं की जुनं.

त्याबद्दल दोघांनाही थोडं ऐकवते.

नवऱ्याचा मुद्दा आधी. मराठीत नाव ऐकून माणसाचं वय साधारण ओळखता येतं, हे बरोबर आहे. विठ्ठल, शंकर, दत्तात्रय म्हटलं की एक पिढी डोळ्यांसमोर येते. प्रकाश, विलास, सुहास म्हटलं की दुसरी. मग संदीप, सचिन, राहुल, अमित. मग अर्णव, आरव, विहान. पण यातलं प्रत्येक नाव कधीतरी पाळण्यातल्या बाळाचं होतं, आणि विहानही एक दिवस आजोबा होणार आहे. शिवाय म्हातारपण कुठल्या नावाला चिकटतं हे ऐकणाऱ्याच्या वयावर ठरतं. तुमच्या मुलाचे वर्गमित्र ज्या आजोबांना ओळखत असतील त्यांची नावं संजय आणि राजेश असतील, आणि ती मुलं मोठी होईपर्यंत संदीप आणि राहुलही त्या रांगेत आलेले असतील. माधव त्यांना कदाचित नवं वाटेल. आजोबांचं नाव शिळं वाटतं आणि पणजोबांचं पुन्हा ताजं वाटायला लागतं, हे इतर भाषांतही होतं. अमेरिकेत मुलांच्या नावांची सरकारी मोजदाद १८८० पासूनची उपलब्ध आहे. तिथे एके काळी जख्ख म्हाताऱ्यांची समजली जाणारी थिओडोर आणि हेन्री ही नावं २०२३ साली पहिल्या दहात होती.

आता तुमचा मुद्दा. साच्यातली नावं, हे तुम्ही वैतागून लिहिलंत, पण सरसकट तसं नाही. कियान हे फारसीतलं जुनं नाव आहे, प्राचीन इराणच्या राजघराण्याच्या कथांशी जोडलेलं. विहान म्हणजे पहाट, आणि तो शब्द हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी पूर्वीपासून आहे. तुम्हाला ही नावं आवडली पाहिजेत असं मी म्हणत नाही. ती निवडणाऱ्याला काही कळत नाही, हे मात्र मनातून काढून टाका, कारण ते नवऱ्याला तुमच्या चेहऱ्यावर दिसत असणार.

हे सगळं त्याला पटवण्यासाठी वापरू नका. पुराव्यानिशी नाव आवडत नसतं. तुमच्या स्वतःच्या मनाची पकड थोडी सैल व्हावी, इतकंच त्याचं काम.

तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मैत्रिणीचं म्हणणं मला पटत नाही. गरोदरपण, बाळंतपण, त्यानंतरचे हे आठवडे, याचं मोल मोठं आहे, आणि ते नवऱ्याने रात्री उठून, लंगोट बदलून, तुम्हाला झोपू देऊन ओळखलं पाहिजे. त्याची परतफेड म्हणून नावाचा हक्क घेतलात तर उद्या ते नाव तुमचं होईल. मुलाचं आणि त्याच्या बाबाचं नातं त्या नावाने रोज सुरू होणार आहे, सकाळी उठवण्यापासून.

बहिणीची युक्ती कधी कधी सुरेख जमते, नाही असं नाही. तुम्ही अक्षरं जुळवून बघा. पण जे तयार होईल त्याला एक प्रश्न विचारा: हे कसं बनलं ते ठाऊक नसतं, तर आपण हे नाव निवडलं असतं का? बहुतेक वेळा उत्तर नाही असं येतं. मग मुलाला जन्मभर नावामागची गोष्ट सांगत बसावं लागतं. आणि तुम्हाला घडवलेलं नाव नको होतं, हे विसरू नका.

सासूबाईंचा तोडगा पुष्कळ घरांत छान चालतो. जिथे कागदावरचं नाव दोघांना मान्य असतं आणि घरातलं नाव निव्वळ लाडाचं असतं, तिथे. तुमच्याकडे तसं होणार नाही. इथे एका नावावर तुमचा झेंडा आणि दुसऱ्यावर त्याचा. शाळेत ज्याला कियान म्हणतात त्याला आई कधीच कियान म्हणत नाही, हे मुलाला पाच-सहा वर्षांचा झाला की खटकायला लागेल. 'हा तुझा, पुढचा माझा' असा सौदाही करू नका. पुढचं मूल होईल की नाही कोणाला माहीत, आणि झालं तरी या मुलाचं नाव एकाने सोडून दिलेलं असणारच. चिठ्ठ्या टाकण्याचंही तेच. हरणारा तिथे नशिबाशी हरतो, एवढाच फरक.

तिसऱ्या माणसाकडे सोपवायचं असेल तर तो दोघांनाही सारखाच जवळचा हवा. अमर्त्य सेन यांचं नाव रवींद्रनाथ ठाकूरांनी ठेवलं होतं. असं माणूस दोघांच्याही आयुष्यात असेल तर जरूर विचारा. फक्त आईकडचं किंवा फक्त सासरचं कोणी असेल तर नको.

मग करायचं काय? माझा सल्ला कठीण वाटेल. माधव आणि कियान, दोन्ही नावं बाजूला ठेवा. दोन्ही चांगली आहेत. पण गेल्या काही आठवड्यांत ती नावं राहिलेली नाहीत, बाजू झाल्या आहेत. लग्नाआधीपासून मनात जपलेलं नाव सोडताना तुम्हाला वाईट वाटेल, आणि ते नवऱ्याला सांगा, लपवू नका. त्याने कियान सोडताना त्यालाही वाटेल तसंच सांगू द्या. एक अपवाद ठेवते. तुमचं ते दुपारचं बोलणं झाल्यावर, काही दिवसांनी, तुम्ही विषय न काढता तो आपणहून म्हणाला की माधव इतकंही वाईट नाही, तर आनंदाने घ्या. तुमच्याकडून कियानच्या बाबतीतही असं होऊ शकतं. पण त्याची वाट बघत बसू नका आणि आडून सुचवूही नका.

नवा शोध असा घ्या. प्रत्येकाने पाच नावं आणायची, ती दोन्ही कागदांवरच्या अपेक्षांत बसणारी. एकमेकांची नावं वाचल्यावर एक रात्र काहीही बोलायचं नाही, नाक मुरडणंही नाही. दुसऱ्या दिवशी कोणीही कुठलंही नाव खोडू शकतो आणि कारण विचारायचं नाही. कोणाला एखादं नाव नको असण्यामागे जुना मित्र असतो, शाळेतला दांडगट मुलगा असतो, काहीही असतं, त्याची उलटतपासणी कशाला? फक्त जो खोडेल त्याने त्या बदल्यात नवीन नाव आणायचं. नुसतं नाही म्हणणं सोपं असतं, बदल्यात शोधायचं म्हटलं की माणूस विचारपूर्वक खोडतो.

नमुना म्हणून काही सुचवते. केदार, सारंग, मल्हार, मिहिर, निनाद, ईशान, मुकुंद. जोडाक्षरं कमी, शब्द जुने, आणि तरी ही मुलं मैदानावर खेळताना डोळ्यांसमोर येतात. यांतलंच घ्या असा आग्रह नाही. तुमच्या दोघांच्या मधली जागा रिकामी नाही, तिथे भरपूर नावं आहेत, एवढंच दाखवायचं होतं.

दोन-तीन नावं उरली की ती कागदावरून उचला आणि तोंडाने वापरून बघा. नाव वाचायला एक असतं आणि हाक मारायला वेगळंच. दुसऱ्या खोलीतून मोठ्याने हाक मारा. मल्हाऽऽर, केदाऽऽर अशी शेवटच्या आकारावर हाक लांबवता येते, ती दूरवर जाते. मिहिर तसं लांबत नाही, ते जवळून बोलवायचं नाव आहे. झोपलेल्या बाळाच्या कानाशी हळू म्हणून बघा. रागावून म्हणून बघा, कारण तेही बरंच म्हणावं लागणार आहे. 'हॅलो, मी सारंग बोलतोय' असं फोनवरचं वाक्य म्हणा. पुढे काका लावा, सर लावा, डॉक्टर लावा. बाळाला शोभणारी काही नावं काका लावताच अवघडतात. आडनावासकट सलग म्हणा. अनय यादव कागदावर सुंदर दिसतं, पण भरभर म्हटलं की दोन य एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला अनयादव ऐकू येतं. घरातल्या इतर मुलांच्या नावांसोबत म्हणा. चुलत-मामे भावंडांत मिहिर आणि मिहीका असतील तर आजी आयुष्यभर एकाऐवजी दुसऱ्याला हाक मारेल.

आणि मित्र त्याचं काय करतील ते बघा. हे काम नवऱ्याकडे द्या. शाळेच्या मैदानावर नावाचं काय होतं हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे, आणि त्याचा तो कटू अनुभव इथे पहिल्यांदा उपयोगी पडेल. आपल्याकडे कुठल्याही नावाला 'या' लागतोच. माधवचा माध्या होतो, केशवचा केश्या, सारंगचा सारंग्या. त्यातून कोणी सुटत नाही आणि सुटायचं कारणही नाही, जिवलग मित्र तशीच हाक मारतात. त्याने एवढंच बघायचं की नाव वाकवल्यावर प्रेमाचं होतंय की त्यातून काही घाणेरडं किंवा बोचरं निघतंय. तो 'चालेल' म्हणाला की त्या नावाबद्दलची त्याच्या मनातली सगळ्यात मोठी भीती गेली असं समजा. तसंच गर्दीची तपासणी तुमच्याकडे. ओळखीतल्या, शेजारच्या, ऑफिसातल्या लोकांच्या गेल्या चार-पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांची नावं आठवा. तुमचं नाव त्यात पुन्हा पुन्हा येत असेल तर ते तुम्हाला पुढे खुपेल.

अर्थ बघणार असाल तर नावांच्या यादीत छापलेल्या अर्थावर विसंबू नका. आरव हे नाव घ्या. पुष्कळ याद्यांत त्याचा अर्थ शांत असा दिलेला दिसतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. नाव म्हणून ते गोड आहेच, पण शांत म्हणून ठेवणाऱ्याची पंचाईत होते. मोनियर-विल्यम्सचा १८९९ चा संस्कृत-इंग्रजी कोश आता कोणालाही फुकट चाळता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

दोघांनाही एखादं नाव बघताक्षणी आवडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. एकाला खूप आवडलं आणि दुसऱ्याला 'बरं आहे, मला चालेल' वाटलं, पण मनात किंतु नाही, एवढं पुरेसं आहे. बाकीचं मूल करतं. सचिन तेंडुलकर यांचं नाव त्यांच्या वडिलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं होतं. त्या वडिलांना ते नाव घेताना सुरांची आठवण होत असेल. आज सचिन म्हटलं की किती जणांना संगीतकार आठवतो? तुमचं बाळ दोन वर्षांचं होईल, त्या नावाला ओ देत धावत येईल, तेव्हा त्या नावाला दुसरा कुठला चेहराच उरणार नाही.

एका नावावर बोट आलं की आठवडाभर दोघांनी बाळाला त्याच नावाने हाक मारायची. कोणालाही न सांगता. सात दिवसांनी ते कोणाच्या जिभेवर अडत असेल तर दुसरं घ्या.

हे सगळं चालू असताना यादी घराबाहेर जाऊ देऊ नका, आणि घरातल्या मोठ्यांपर्यंतही. नाव ठरायच्या आधी कळलं की लोक मत देतात, ठरल्यावर कळलं की आशीर्वाद देतात. सासूबाईंना त्यांच्या मुलाने सांगायचं, 'आई, आम्ही दोघं ठरवतोय, ठरलं की पहिल्यांदा तुलाच सांगू,' आणि खरंच पहिल्यांदा सांगायचं. बहिणीला आणि मैत्रिणीला तुम्ही सांगा. नंतर कोणी विचारलं की नाव कोणी सुचवलं, तर उत्तर 'आम्ही दोघांनी' इतकंच. कोणाच्या यादीतलं होतं हा तपशील नातेवाइकांच्या हाती अजिबात देऊ नका.

नाव ठरेल त्याच दिवशी रोमन लिपीतलं स्पेलिंगही ठरवून टाका. ईशान आयने सुरू करायचं की ईने, केदारमध्ये ए एक की दोन, हे आत्ता किरकोळ वाटेल. पण जन्मदाखला, आधार, शाळा, पासपोर्ट, सगळीकडे ते एकसारखं लागतं, आणि एका अक्षराच्या फरकासाठी पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. देवनागरीतही मिहिरची दुसरी वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे नक्की करा. अर्ज भरून झाला की तुम्ही एकदा वाचा, नवऱ्याला एकदा वाचायला द्या, आणि मगच खिडकीवर द्या.